परत आलेलं ताट बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर तुझ्या हाती आलं, फार बरं वाटलं. तुझा आठवड्याचा तक्ता वाचला. साखरेचे, बीपीचे, किडनीचे, दात नसलेले, अशी सहा वेगळी पातेली मांडली आहेस. दोन बायांच्या हातून हे चार दिवस होईल. पाचव्या दिवशी सगळ्यांच्या ताटात तीच फिकी खिचडी पडेल.

पातेलं एकच ठेव. वरण घोटलं की मीठ पडायच्या आत बीपीवाल्यांचं बाजूला काढ. त्याला लसूण-जिऱ्याची खमंग फोडणी दे, वर लिंबू पिळ. आपलं भरीत तर याला फारच सोयीचं. वांगी भाजून बडगीत ठेचली, की मिरची-मीठ कुणाला किती ते शेवटी ठरतं. बिबड्या-पापडांत मात्र मीठही असतं आणि पापडखारही, आणि मिठासारखंच पापडखारातही सोडियम असतं, ते हिशेबात धर.

मीठ कमी करताना मी एकदा चुकले, ते सांगते. एका आजींचं मीठ मी पूर्ण तोडलं होतं. ताट रोज अर्धं परत यायचं. विचारलं की एवढंच, "माले भूक नही." मी मान्य करत गेले. दोन महिन्यांनी त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा माझे डोळे उघडले. डॉक्टरांना विचारून दिवसाचं मीठ मोजून द्यायला लागलो, आणि कळण्याची भाकरी पुन्हा सुरू केली. निरोगी माणसालाही दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ सांगतात. पण त्या चमच्यातलं थोडं तरी जिभेला लागू दे.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते डॉक्टरांना न विचारता आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, आणि दुबळ्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. केळ्यांचंही तेच. जळगाव भागात कुणीही देणगी म्हणून घडच्या घड आणून देतो, आणि एका मध्यम केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ज्यांना ते बंद आहे त्यांची नावं वाढणाऱ्या बाईला तोंडपाठ हवीत. त्यांचा बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकड आणि ते पाणी ओतून दे.

ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना पातळ आमटीत भाकरीचे तुकडे कधीच देऊ नकोस. पाणी आधी घशात उतरतं, तुकडा मागे राहतो, आणि तिथेच श्वास अडकतो. भाकरी आणि वरण एकत्र घोटून, गाळून, एकसारखं दाट करून दे. ताठ बसवूनच भरव, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नकोस. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

आणि ताटं परत येतात तेव्हा मोरीपाशी तू स्वतः उभा राहा. कुणी काय टाकलं ते वहीत लिही. इन्सुलिन टोचलेल्या माणसाचं ताट भरलेलं परत आलं, तर भांडी नंतर, आधी सिस्टरकडे धाव, साखर खाली जायला वेळ लागत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांचं वजन कर. दिवाळीत येशील तेव्हा ती वही घेऊन ये, आपण बसून एकेक नाव बघू.

तुझी,
मावशी