लीजची गाडी परत देताना: ओरखडा कोणाचा, खर्च कोणाचा?

प्रश्न: मी मुलुंडला राहते. तीन वर्षांपूर्वी गाडी विकत न घेता लीजवर घेतली, महिन्याला २२ हजार, ३६ महिने, मेंटेनन्स आणि इन्शुरन्स सगळं त्यातच. हप्ते वेळेवर भरले, किलोमीटरसुद्धा लिमिटच्या आत. गाडी परत न्यायला एक मुलगा आला, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये मोबाइलच्या टॉर्चवर फोटो काढले, टॅबवर माझी सही घेतली आणि गाडी घेऊन गेला. नंतर मेल आला की डॅमेजचे ६१,४०० रुपये होतायत आणि ते डिपॉझिटमधून कापणार. मागचा बंपर ७,५००, डाव्या बाजूचे दोन दरवाजे १४,०००, दोन अलॉय व्हील १६,०००, ड्रायव्हर सीट ९,००० आणि पुढची काच १४,९००. दरवाजे मी स्वतः पार्किंगच्या खांबाला घासलेत, ते मान्य आहे. पण बाकीचं काय? मुंबईत गाडी चालवली की रिक्षा घासून जाणारच ना? मिस्टर म्हणतात सोडून दे, डोक्याला ताप नको. मी काय करू?

उत्तर: ताई, सोडून देऊ नका. आणि "मुंबईत असं होणारच" हा मुद्दा घेऊनही भांडू नका, कारण त्याला समोरचा सहज उडवून लावेल. तुम्ही भांडायचं ते प्रत्येक आयटमवर वेगवेगळं, कारण ६१,४०० हा एक आकडा नाहीये, ते पाच वेगळे दावे आहेत आणि पाचही सारखे नाहीत.

आधी करार काढा. मेलवर आलेला पीडीएफ असेल, त्यात शेवटी कुठेतरी गाडी कुठल्या स्थितीत परत द्यायची याचं परिशिष्ट असतं, बहुतेक लोक सही करताना तिथपर्यंत पोचतच नाहीत. त्यात "नॉर्मल वेअर अँड टेअर वगळून" असं वाक्य असणार. नॉर्मल म्हणजे किती मिलिमीटर हे लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर तेच माप, तुम्हालाही आणि त्यांनाही. लिहिलं नसेल तर त्यांच्या माणसाला जे वाटलं ते नॉर्मल होत नाही, त्यांनी ते सिद्ध करायला हवं.

ब्रिटनमध्ये गाड्या भाड्याने आणि लीजवर देणाऱ्या कंपन्यांची संघटना आहे, बीव्हीआरएलए, तिने यासाठी मापंच ठरवून दिलीत. २५ मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा चालतो, पण आतला प्रायमर किंवा पत्रा दिसता कामा नये. १५ मिलिमीटरपर्यंतचा पोचा चालतो, एका पॅनलवर जास्तीत जास्त दोन, रंग फुटलेला नको. अलॉयच्या पूर्ण कडेवर मिळून ५० मिलिमीटरपर्यंत घासलेलं चालतं. हे आपल्याकडे बंधनकारक नाही, पण तुमच्या करारात माप नसेल तर मेलमध्ये याचा दाखला जरूर द्या, की बाबा रे, जिथे हा धंदा जुना आहे तिथे साधी झीज म्हणजे एवढं धरतात, तुम्ही साधी झीज म्हणजे काय धरताय ते सांगा.

आता तुमचे पाच आयटम.

दरवाजे तुम्ही मान्य केलेत, चांगलं केलंत. खांबाला घासून पत्रा उघडा पडला असेल तर ती झीज नाही, ते नुकसान आहे आणि त्याचे पैसे द्यावे लागतील. फक्त दर कुठून आला ते विचारा, ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट मागा. आणि एक सांगा, तुमच्या हप्त्यात इन्शुरन्स होता ना? मग खांबाला घासलं तेव्हा क्लेम का झाला नाही? तुम्ही कळवलं नसेल तर प्रश्न मिटला, पण कळवलं होतं आणि त्यांनी "राहू दे, नंतर बघू" म्हटलं असेल तर तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज शोधून काढा, त्याने सगळं चित्र बदलतं.

बंपर प्लास्टिकचा असतो आणि ट्रॅफिकमध्ये सगळ्यात आधी मार तोच खातो. त्याच्या फोटोत ओरखड्याशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवलेलं आहे का? नसेल तर लांबी कळणार कशी? बेसमेंटमध्ये टॉर्चचा उजेड तिरका पडला की साधी धुळीची रेघसुद्धा खोल चर पडल्यासारखी दिसते. घरी गाडीचे दिवसा काढलेले फोटो असतीलच, वाढदिवसाचे, पिकनिकचे, कुठल्यातरी फोटोत मागचा बंपर दिसत असेल. ते शोधा.

सीटच्या बाबतीत मी ठामपणे तुमच्या बाजूने आहे. तीन वर्षं माणूस रोज बसला की बाजूचा उंचवटा, जिथून आपण चढतो-उतरतो, तिथलं कापड किंवा रेक्झिन गुळगुळीत होतं, सुरकुत्या पडतात, घामाने रंग थोडा उतरतो. ही झीज नाही तर झीज म्हणायचं कशाला? फाटलं असेल, सिगारेटचा डाग असेल, होळीचा रंग मुरला असेल तर गोष्ट वेगळी. त्यांना विचारा, सीटला नेमकं काय झालंय ते एका वाक्यात लिहून द्या. "सीट कंडिशन पुअर" हे कारण नाही.

पुढच्या काचेचंही तसंच. हायवेला बारीक खडी उडून काचेवर टाचणीएवढे ठिपके पडतात, ते पडणारच, त्यासाठी अख्खी काच बदलायचे पैसे मागणं मला पटत नाही. तडा असेल तर मात्र बदलावीच लागते. पण काचेच्या भागाला इन्शुरन्समध्ये डेप्रिसिएशन, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून होणारी वजावट, कापत नाहीत, म्हणजे पॉलिसी चालू असताना क्लेम केला असता तर बहुतेक खर्च तिथेच निघाला असता. मग पॉलिसी कोणाच्या नावावर होती, क्लेम टाकला का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अलॉय फुटपाथला घासलेत का? मुलुंड काय नि परळ काय, कडेला लावताना घासतातच. पण तीन वर्षं वापरलेल्या व्हीलच्या बदल्यात नव्या व्हीलची पूर्ण किंमत त्यांनी का घ्यावी? घासलेलं अलॉय दुरुस्त होतं, रंगवून मिळतं. आणि मुख्य प्रश्न, त्यांनी ते खरंच बदललं का? बदललं असेल तर जीएसटीचं बिल असणारच. गाडी जशी आहे तशी विकून टाकली असेल तर मग नुकसान म्हणजे विक्रीच्या किमतीत जेवढा फरक पडला तेवढंच. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७४ हेच सांगतं, करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त तर नाहीच नाही. त्याच कायद्याच्या कलम १५१ मध्ये असंही आहे की दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असताना साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची. तुम्ही तेवढी घेतलीत. करारात त्याहून जास्त जबाबदारी लिहून घेतली असेल तर ती बघावी लागेल, म्हणूनच म्हटलं करार आधी काढा.

टॅबवरच्या सहीने घाबरू नका. त्या सहीच्या वर काय लिहिलं होतं त्याची कॉपी मागा. बऱ्याचदा तिथे फक्त "गाडी ताब्यात दिली" एवढंच असतं, डॅमेजची यादी नसतेच. यादी नंतर भरली असेल तर ती तुम्ही मान्य केली असं कोणी म्हणू शकत नाही.

मेल आज लिहा, फोन करू नका, फोनवर बोललेलं हवेत जातं. मराठीत लिहिलं तरी चालेल, इंग्लिशच हवं असं काही नाही. साधं लिहा: "दरवाज्यांचा खर्च एस्टिमेट दाखवल्यावर द्यायला मी तयार आहे. बाकी चार आयटम मला मान्य नाहीत. प्रत्येकाचा तारीख-वेळेसह मूळ फोटो, माप, दुरुस्तीचं बिल आणि करारातलं संबंधित कलम, हे सगळं १५ दिवसांत पाठवा. तोपर्यंत डिपॉझिटमधून वजावट करू नका." एवढंच. राग, टोमणे, सोशल मीडियावर टाकीन वगैरे काही नको.

उत्तर आलं नाही तर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, पुष्कळ कंपन्या तिथून फोन आला की नरम येतात. तरीही नाही जमलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग आहे. कंपनीचं ऑफिस गुरगावला असलं तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनसुद्धा. फी तुम्ही भरलेल्या पैशांवर ठरते; भाडं मिळून ७,९२,००० होतं, पाच ते दहा लाखांच्या टप्प्यात फी फक्त २०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुंबईत भाड्याचं घर सोडताना मालक रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापतो आणि आपण चडफडत गप्प बसतो, ती सवय गाडीला लावू नका ताई.

प्रश्न: दादरला राहतो. माझी लीज ऑक्टोबरअखेर संपतेय. त्याआधी गणपतीला गाडी घेऊन कणकवलीला जायचंय. दोनतीन छोटे स्क्रॅच आहेत, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून आधीच करून घेऊ का? की आहे तसंच देऊ?

उत्तर: दादा, खुशाल जा गावाला, पण निघायच्या आधी किलोमीटर मोजा. दादर ते कणकवली जाऊन-येऊन ९०० च्या आसपास, शिवाय तिथे मामाकडे, देवळात, बाजारात फिरणं होतंच, हजाराच्या वर धरा. लिमिटच्या वर गेलात तर दर किलोमीटरला किती लागतात ते करारात बघा, आणि कंपनी जास्तीचे किलोमीटर आधी स्वस्तात विकत देते का विचारा, शेवटी भरण्यापेक्षा ते बरं पडतं.

स्क्रॅचचं असं आहे. गाडी धुवून, पुसून, उन्हात उभी करा आणि ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे, रबिंग-पॉलिश करून जातो, ते कुठल्याही चांगल्या डिटेलिंगवाल्याकडून करून घ्या. छोटा पोचा असेल आणि रंग फुटला नसेल तर आतून हळूहळू दाबून काढतात, रंग लावावा लागत नाही, तेही करा. पण नख अडकतंय म्हणून ओळखीच्या माणसाकडून अख्खा दरवाजा रंगवून घेऊ नका. इन्स्पेक्शनवाल्याकडे रंगाची जाडी मोजायचं छोटं मशीन असतं, पॅनलला लावलं की एका सेकंदात कळतं की हा दरवाजा परत रंगवलाय, मग तुमच्या छोट्या ओरखड्याची गोष्ट "अ‍ॅक्सिडेंट रिपेअर" होऊन बसते. ते काम ऑथोराइज्ड सेंटरमधूनच, बिल घेऊन, आणि पॉलिसी चालू असेपर्यंत क्लेममधून. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेमला सक्तीचे १,००० रुपये आपल्याला भरावे लागतात, १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,०००. तीन ठिकाणचे तीन ओरखडे एका क्लेममध्ये घालायला जाऊ नका, इन्शुरन्सच्या सर्व्हेअरला कळतं, आणि ते खोटंही आहे.

ब्रिटनमधल्या बीव्हीआरएलए या लीज कंपन्यांच्या संघटनेची मार्गदर्शिका सांगते की परत द्यायच्या दहा-बारा आठवडे आधी स्वतः गाडी तपासा. तुमच्यासाठी ते म्हणजे ऑगस्ट. तेव्हा पाऊस असेल, पण म्हणूनच कार्पेट उचलून खाली ओल आहे का बघा, मुंबईच्या पावसात बंद गाडीला बुरशीचा वास धरतो आणि तो परफ्यूमने जात नाही, कार्पेट काढून सुकवावं लागतं. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर तसाही कायद्याने बाद. कबुतरांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी धुवा, उन्हात वाळली की रंगात खड्डा पाडते. मागच्या काचेवरचा "आई-बाबांचा आशीर्वाद" आणि सोसायटीचे स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून काढा, ब्लेडने नको, काचेवरची वाफ घालवणाऱ्या डिफॉगरच्या तारा कापल्या जातात.

दुसरी चावी शोधून ठेवा, ती हरवल्याचे पैसे ऐकून लोक गार पडतात. जॅक, स्टेपनी, मॅन्युअल, सर्व्हिसची बिलं. पेंडिंग ई-चलान भरा. फास्टॅग तुमच्या खात्यावर असेल तर बंद करा, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खिशातून जाईल. स्क्रीनमधून तुमचे कॉन्टॅक्ट आणि घरचा पत्ता डिलीट करा.

आणि गाडी द्यायची ती दिवसाउजेडी, कोरडी, मोकळ्या जागेत. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, मग यार्डात सुकल्यावर "सापडतात" आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता. समोरच्याने पाऊस पडतोय, बेसमेंटमध्येच बघू म्हटलं तर दुसरी वेळ मागा. तुम्ही स्वतः चारी बाजूंनी, छत, चाकं, आतलं, मीटरचा आकडा असा सलग व्हिडिओ काढा आणि त्याच्याकडून यादी भरलेला फॉर्म घेतल्याशिवाय चावी देऊ नका.

प्रश्न: परवाच्या पावसात हिंदमाताला गाडी पाण्यात बंद पडली. ऑफिसमार्फत लीजवर आहे. अजून सहा महिने बाकी आहेत. एक मित्र म्हणतो सुकली की चालू कर, कंपनीला सांगूच नकोस, परत देताना हे झिजेत जाईल.

उत्तर: मित्राचं अजिबात ऐकू नका. पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्ट केली आणि इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन गेलं. आणि अशा प्रकारे गेलेलं इंजिन साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा कव्हर लागतं. हे झिजेत कोणीही धरणार नाही, सीटखाली आणि सीटबेल्टच्या मुळाशी गाळ राहतो, तपासणारा माणूस पट्टा पूर्ण बाहेर खेचून तेच आधी बघतो.

चावी फिरवू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टो करून सर्व्हिस सेंटरला न्या. लीज कंपनी, इन्शुरन्स आणि तुमचं एचआर तिघांनाही आजच मेल करा, पाणी कुठपर्यंत होतं त्याच्या फोटोसकट. एचआरला यासाठी की करार तुमच्या ऑफिसचा आणि लीज कंपनीचा आहे, तुम्ही ऑफिसला लिहून दिलेल्या कागदावर नुकसान पगारातून कापायची परवानगी दिलेली असू शकते, तो कागद एचआरकडून मागून घ्या आणि क्लेमचा निकाल लागेपर्यंत काही कापू नये असं त्याच मेलमध्ये लिहा.