फिरत्या स्पीकरचे दुखणे: वाचकांचे प्रश्न

या वेळी चार पत्रे एकाच विषयावर आली आहेत: जुना लेस्ली स्पीकर. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डोनाल्ड लेस्ली यांनी १९४०च्या सुमारास हॅमंड या विजेवर चालणाऱ्या ऑर्गनसाठी हे पेटीवजा यंत्र तयार केले. आतले स्पीकर जागचे हलत नाहीत. वरच्या ड्रायव्हरवर (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरवर) दोन तोंडांचा हॉर्न, म्हणजे कर्णा, फिरतो, तर खाली तोंड केलेल्या १५ इंची स्पीकरखाली लाकडी ड्रम फिरतो. भुसावळच्या फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, तोच प्रकार इथे फास्ट वेगावर मिनिटाला चारशे वेळा घडतो, स्लोवर बराच सावकाश.

प्रश्न (भुसावळ): आमच्या वाद्यवृंदाकडे १२२ मॉडेल आहे. फास्टवर हॉर्न छान फिरतो, पण स्लोवर टाकला की घरंगळत थांबतो. बोटाने ढकलला तर चार फेरे घेऊन पुन्हा थांबतो. दुरुस्तीवाल्याने स्लो मोटर जळाल्याचे सांगितले आहे. नवी कुठे मिळेल?

उत्तर: नवी मोटर एवढ्यात शोधू नका. या लक्षणात मोटर जळालेली क्वचितच असते. हॉर्नसाठी दोन मोटरी एकमेकींना जोडून बसवलेल्या असतात. फास्ट मोटरच्या शाफ्टवर रबरी काठाचे एक चाक असते. स्लो मोटरला वीज मिळाली की तिचा रोटर (आतला फिरणारा भाग) चुंबकाने ओढला जाऊन थोडा सरकतो आणि तिच्या बारीक शाफ्टचे टोक त्या रबरी काठाला टेकते. बारीक शाफ्टने मोठे चाक फिरवायचे, म्हणून वेग चारशेवरून चाळीस-पन्नास फेऱ्यांवर उतरतो. वीज गेली की स्प्रिंग रोटरला मागे ढकलते. ही सगळी करामत दोन गोष्टींवर अवलंबून आहे: शाफ्ट बुशमध्ये (तो ज्या नळीत फिरतो तिच्यात) सहज सरकला पाहिजे आणि रबराला पकड पाहिजे.

चाळीस-पन्नास वर्षांत बुशमधले तेल वाळून डिंकासारखे होते. कुणी मधल्या काळात घरातले खोबरेल किंवा फवारणीचे गंज काढणारे तेल मारले असेल तर आणखीच. आपल्याकडे त्यात जिनिंगच्या दिवसांतला कापसाचा बारीक तंतू बसतो आणि तेलाबरोबर त्याचा नमदा होतो. आधी हे तपासा. प्लग काढून, पेटीची मागची वरची फळी उघडून, स्लो मोटरचा शाफ्ट बोटांनी मागे-पुढे सरकवून बघा. अडखळत सरकला किंवा अर्ध्यावर थांबला तर दोष सापडला.

मोटरींची जोडी खाली उतरवण्याआधी तारांवर चिकटपट्टीचे तुकडे लावून क्रमांक टाका, फोटोवर विसंबू नका. मोटर उघडल्यावर शाफ्ट आणि बुश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काळे येणे थांबेपर्यंत कापड बदलत राहा. रॉकेल वापरू नका, ते मागे तेलकट थर सोडते. बुशभोवतीच्या नमद्याच्या वातीला डिटर्जंट नसलेले हलके टर्बाइन ऑइल आठ-दहा थेंब पाजा. ते न मिळाल्यास चांगले शिलाई मशीनचे तेल तात्पुरते चालेल, मात्र आपल्या मे महिन्यात ते लवकर उडते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा घालावे लागेल. वर आलेले जादा तेल पुसा, कारण त्यातला एक थेंब रबरावर गेला की पकड संपली.

आता रबर. नखाने दाबल्यावर ते किंचित दबले पाहिजे. काचेसारखे चकाकत असेल तर अल्कोहोलने पुसून बारीक पॉलिश पेपर एकदाच हलका फिरवा. भेगा पडल्या असतील तर ते बदलावेच लागेल. शेवटी बिनविजेचे फास्ट मोटरचे चाक हाताने फिरवा. कुठेही घासल्याचा आवाज येता कामा नये, म्हणजे स्लोचा शाफ्ट पूर्ण मागे गेलेला आहे.

एवढे करूनही मोटर नुसती गुणगुणत राहिली आणि मीटरवर कॉइल तुटलेली दिसली, तर मात्र रिवाइंडिंग करावे लागेल. केळीच्या मळ्यांतले पंप वाइंड करणारा कारागीर तालुक्याच्या प्रत्येक गावात आहे. त्याला ही मोटर खेळण्यासारखी वाटेल, पण तारेचा गेज आणि वेढे जुन्याप्रमाणेच मोजून घ्यायला सांगा.

प्रश्न (धुळे): परदेशातून आणलेले १४७ मॉडेल २३०चे ११० व्होल्ट करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर लावले. आवाज येतो, पण फास्टसुद्धा ढिला वाटतो आणि मोटरी खूप तापतात. मोठा ट्रान्सफॉर्मर घ्यावा का?

उत्तर: ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. या मोटरींचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो, म्हणून चारशे फेऱ्यांचा फास्ट इथे सुमारे ३३३ वर येतो. ट्रान्सफॉर्मर कितीही मोठा घेतला तरी हा फरक जाणार नाही. उपाय पुलीत आहे. वरच्या मोटरच्या पुलीला पायऱ्या असतील तर बेल्ट एक पायरी मोठ्या व्यासावर चढवा. नसतील तर टर्नरकडून सुमारे १.२ पट व्यासाची पुली करून घ्या. खालच्या ड्रमचेही तसेच करा, नाहीतर वरचा धावतो आणि खालचा रेंगाळतो.

तापण्याचे कारणही तेच आहे. कमी फ्रिक्वेन्सीवर मोटर जास्त करंट ओढते. त्यात आपल्या व्होल्टेजचे चढउतार आहेतच. संध्याकाळी पंप सुरू झाले की ते खाली जाते आणि रात्री २५० व्होल्टपर्यंत चढते. म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग ५०० व्हीएचा स्टेपडाउन, असा क्रम ठेवा. मोटरीला हात लावून ठेवता येत नसेल तर वाजवणे थांबवा.

आणखी एक सूचना, आणि ही टाळू नका. १२२ आणि १४७ दोन्हींना सहा पिनांचा सारखाच प्लग असतो, पण आतली जोडणी वेगळी. एकाची केबल दुसऱ्याला लावल्यास अॅम्प्लिफायर जळू शकतो. शिवाय या प्लगमधून मेन्सचा करंट जातो, त्यामुळे तो चालू अवस्थेत कधीच काढू-लावू नका. जुन्या केबलला अर्थिंग नसेल तर तीन तारांची केबल टाकून अर्थची तार चेसिसला घट्ट जोडा.

प्रश्न (अमळनेर): मोठ्याने वाजवताना वरून फाटका आवाज येतो. आणि स्लोवर दर फेऱ्याला एक "टक" ऐकू येते. दोन्ही एकच दोष आहे का?

उत्तर: नाही, वेगळे मानून तपासा. हॉर्न थांबवून वाजवा. फाटका आवाज तरीही राहिला तर ड्रायव्हर किंवा अॅम्प्लिफायर. क्रॉसओव्हर, म्हणजे उंच आणि खालचे स्वर वेगळे करणारी जोडणी, ८०० हर्ट्झला असतो, आणि त्यावरचे सगळे स्वर या एका छोट्या ड्रायव्हरकडे जातात. मूळ जेन्सनच्या व्ही-२१ चा डायफ्राम (आवाज काढणारा आतला पडदा) जुना होऊन चिरतो. मीटरवर १६ ओहमचा ड्रायव्हर बारा-तेरा दाखवेल, तो दोष नाही. काहीच दाखवले नाही तर कॉइल तुटली आहे. ड्रायव्हर काढलेला असताना किंवा स्पीकरची तार सुटलेली असताना व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल.

आवाजाबरोबर घूं-घूं येत असेल तर फिल्टर कॅपॅसिटर सुकले आहेत. त्यांत प्लग काढल्यावरही चारशे व्होल्टच्या आसपास चार्ज उरू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर उष्णतारोधक पट्टीत गुंडाळून, एक हात खिशात ठेवून, दहा सेकंद टोकांना धरा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच हात घाला.

"टक" मात्र यांत्रिक आहे. हॉर्नची बेल्ट काढून बोटाने फिरवा. टक गेली तर बेल्टचा सांधा किंवा रबरी काठावरचा खड्डा. राहिली तर खालचे वॉशर आणि वरचे बेअरिंग बघा, जुने ग्रीस खरवडून लिथियम ग्रीसचा हरभऱ्याएवढा गोळा लावा. बेल्ट परत चढवताना कडक ओढू नका. मध्यावर बोट दाबल्यास एक सेंटिमीटर झुकली पाहिजे. कडक बेल्टने बुश एका बाजूने झिजतात.

हॉर्न एका क्षणात वेग घेतो आणि ड्रमला कित्येक सेकंद लागतात, याची अनेकजण तक्रार करतात. तो दोष नाही. जड ड्रम मागून येतो म्हणूनच तो आवाज उकळत वर आल्यासारखा वाटतो. ड्रमचा बेल्ट आवळून ही तफावत मिटवू नका. ड्रमवरचे काळे कापड फाटले असेल तर तसेच विरळ विणीचे लावा, जाड नको, आणि फेविकॉल सगळीकडे सारखा पातळ पसरा. नंतर ड्रम अनेकदा फिरवून सोडा. फिरताना तो डगमगला किंवा पेटी थरथरली तर तोल गेला आहे.

प्रश्न (शहादा): पेटीचे व्हिनिअर उन्हाने उचलले आहे, तळाला वाळवी आहे. सुतार वरून सनमायका मारायला सांगतो. मारू का?

उत्तर: बाजूच्या फटींच्या पट्ट्यांना हात लावू देऊ नका, आवाज त्यांतूनच बाहेर पडतो. बाकीच्या पेटीलाही सनमायका नको. उचललेल्या व्हिनिअरखाली इंजेक्शनच्या सुईने पातळ फेविकॉल सोडा, वर प्लास्टिकचा कागद आणि सपाट फळी ठेवून रात्रभर वजन द्या. वाळवीसाठी स्पीकर, ड्रम, मोटरी आणि अॅम्प्लिफायर आधी बाहेर काढा, कारण औषधातले द्रावक स्पीकरचा कागद आणि रबर दोन्ही खराब करते. पोखरलेला तळ खरवडून तेवढाच तुकडा नव्या सागाचा बसवा. पेटी पूर्ण वाळल्यावरच सामान आत जाऊ द्या, आणि भिंतीपासून निदान दोन फूट लांब ठेवा.