ऑनलाइन लेखन करणाऱ्याने प्रोफाइलवरचा परिचय कसा लिहावा?

इन्स्टाग्रामवर परिचयाला १५० आणि एक्सवर १६० चिन्हांची मर्यादा असते. देवनागरीत काना-मात्राही वेगळे मोजले जात असल्याने चार अक्षरी दिसणारा ‘बेळगाव’ हा शब्द सहा जागा खातो, म्हणून ‘साहित्यप्रेमी’, ‘निसर्गवेडा’ अशी कोणालाही चिकटणारी विशेषणे आधी काढावीत. त्याऐवजी आपण नेमके कशावर लिहितो ते पहिल्याच वाक्यात सांगावे, जसे ‘खानापूरच्या जंगलाकाठची गावे, तिथली भातशेती आणि कन्नड मिसळलेली आमची मराठी यांवर लिहितो.’ (माझ्या परिचयात कित्येक महिने नुसते ‘लेखक’ एवढेच होते, ते वाचून कोणी काही विचारल्याचे आठवत नाही.) कन्नड वाचता येत असल्यास तेही जरूर नोंदवावे, कारण सीमाभागातल्या लेखकाचे ते खरे भांडवल आहे. पुरस्कार गाळले तरी चालतील, पण आपल्या एका चांगल्या लेखाचा दुवा द्यावा.