म्युनिकला टेस्टिंगच्या नोकरीसाठी येण्यापूर्वी

पुण्यात चार वर्षे सॉफ्टवेअरचे मॅन्युअल टेस्टिंग, म्हणजे हाताने तपासणी, केल्यानंतर म्युनिकला येताना कशाची तयारी करावी, आणि इथल्या मुलाखतींत व्हेरिएबलच्या (प्रोग्रॅममध्ये किंमत साठवणाऱ्या नावाच्या) सुरुवातीच्या किमतीवर इतके खोदून का विचारतात, असे तुम्ही विचारले आहे. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. त्याचे कारण मी इथे आल्यावर पहिल्याच वर्षी पाहिलेल्या एका चुकीत आहे.

जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात, आपण १,२५०.०० लिहितो ती रक्कम इथे १.२५०,०० अशी लिहिली जाते. आमच्या बिलांच्या प्रणालीत कोणी बाराशे पन्नास युरो म्हणून १.२५० टाइप केले, की जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची पार्सडबल ही मजकुरातून आकडा वाचणारी पद्धत तो आकडा सव्वा म्हणून वाचत असे. १.२५०,०० टाइप केले तर एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, येई, पण कोडमध्ये ते पकडून नुसते लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) टाकले जाई, आणि रकमेच्या व्हेरिएबलला वरच शून्य दिलेले असल्यामुळे बिल शून्य युरोचे छापले जाई. पडद्यावर एरर दिसतच नसे. टेस्ट केस सगळ्या पास होत्या, कारण त्यांत रक्कम २५० होती, आणि २५० दोन्ही पद्धतींत सारखेच लिहितात.

शून्य ही खरी रक्कम असू शकते. त्यामुळे ‘अजून काहीच वाचलेले नाही’ हे सांगायला शून्य चालत नाही. जावात स्थानिक (एकाच पद्धतीच्या आतले) व्हेरिएबल किंमत न देता वापरले तर कंपायलर (कोड तपासून त्याचे भाषांतर करणारा प्रोग्रॅम) अडवतो, आणि केवळ त्याचे तोंड बंद करण्यासाठी शून्य लिहिणे म्हणजे मिळालेला इशारा आपल्याच हाताने पुसून टाकणे होय. क्लासमधील फील्डला (क्लासच्या स्वतःच्या व्हेरिएबलला) मात्र जावा न सांगताच शून्य, फॉल्स किंवा नल (काहीच नाही) देते, तर सी भाषेत स्थानिक व्हेरिएबलमध्ये काय निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून खरी किंमत हाती येते तिथेच व्हेरिएबल घोषित करावे, आणि किंमत नसण्याची शक्यता असेल तर ती कोडमध्ये उघड लिहावी, असे मी मुलाखतीत निःशंक सांगेन.

लोकेल म्हणजे भाषा व प्रदेशानुसार आकडे आणि अक्षरे हाताळण्याचे नियम; त्याचेही तसेच आहे. तो कोडमध्ये लिहिला नाही, तर बहुधा ज्या यंत्रावर प्रोग्रॅम चालतो त्याचाच लागू होतो. तुर्की लोकेलवर जावाने मोठ्या लिपीतील ‘आय’ लहान केला की बिनटिंबाचे वेगळे अक्षर मिळते आणि इंग्रजी शब्दांची तुलना फसते. मजकुराच्या एन्कोडिंगबाबत (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीबाबत) जावाने २०२२ मध्ये, १८व्या आवृत्तीत, सर्वत्र यूटीएफ-८ हे डिफॉल्ट ठरवले; त्याआधी तेही ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असे.

निघण्यापूर्वी तुमच्या संगणकाची भाषा व प्रदेश जर्मन करा आणि सध्याच्याच टेस्ट केस पुन्हा चालवून पाहा. काय काय मोडते ते वहीत लिहून ठेवा. जर्मनमधील एसत्सेट (ß) हे अक्षर जावात मोठ्या लिपीत नेले की त्याचे दोन ‘एस’ होतात, म्हणजे रस्त्याचे नाव एका अक्षराने लांबते आणि पत्त्याच्या ठरावीक लांबीच्या रकान्यात कापले जाऊ शकते. इथे मराठी माणसाला एक गोष्ट मुळातच ठाऊक असते. ‘स्त्री’ डोळ्यांना एकच अक्षर दिसते, पण युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) ते ६ संकेतांकांचे असते आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट घेते. हा शब्द प्रत्येक रकान्यात टाकून पाहण्याची सवय मी आजही सोडलेली नाही.

आणखी एक, जर्मन कीबोर्डचा सराव आताच सुरू करा. त्यावर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते आणि महिरपी कंस ऑल्टजीआर दाबून ७ व ० वर मिळतात. मुलाखतीत त्यांच्या संगणकावर कोड लिहायला सांगितले, तर ते शोधण्यात वेळ जाऊ नये.