अहवालाआधी पंजे बघ

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड, मागचे पाय लटपटतात, आणि एसओडी-१ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष आल्यात. ‘म्हणजे मज्जारज्जू हळूहळू झिजवणारी डीजनरेटिव्ह मायलोपथीच ना?’ हा तुझा प्रश्न.

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही.

हा दोष २००९ साली उजेडात आला. माणसातल्या एएलएस या हालचालीच्या नसा झिजवणाऱ्या आजारातही काही घराण्यांत हेच जनुक बिघडलेलं असतं. पण दोन्ही प्रती सदोष असलेली कित्येक कुत्री म्हातारी होऊन भलत्याच कारणाने जातात, पाय शेवटपर्यंत धड असतात. अहवाल सांगतो तो धोका. पक्कं निदान होतं ते मृत्यूनंतर, मज्जारज्जूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. कुत्रा जिवंत असेपर्यंत आपल्या हातात एकच असतं: बाकीची कारणं एकेक करून बाद करणं.

म्हणून आधी त्याला चालव. खरखरीत जमिनीवर, दोरी सैल सोडून, आणि कान देऊन ऐक. नखं घासल्याचा ‘खर्र’ असा आवाज प्रत्येक पावलाला येतो का? मग मागचे पंजे उचलून बघ. मधल्या दोन बोटांची नखं वरच्या बाजूने झिजलेली असतील, तर पाय बरेच दिवस फरफटतोय. पंजा उलटा करून जमिनीला टेकव. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. शेवटी कण्यावरून बोटं दाबत जा. या आजारात दुखत नाही. कुत्रा कळवळला तर संशय आधी मणक्यातल्या चकतीवर घे. आणि नाही कळवळला, तरी एमआरआय टाळू नकोस.

हे मी एका कॉर्गीकडून शिकलो. त्याचाही अहवाल असाच होता, आणि मी घरच्यांना ‘इलाज नाही’ असं सांगून टाकलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना चकतीचा दाब सापडला. शस्त्रक्रिया झाली, पण फार उशिरा. कॉर्गीच्या मालकीणबाई मला एक शब्दही वावगा बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

उलट वायरहेअर्ड मिनिएचर डॅक्सहुंडमधला लाफोरा हा आनुवंशिक फिटचा आजार घे. जनुकात बारा अक्षरांचा एक तुकडा दोन-तीनदा असायला हवा, तो एकोणीस-वीसदा किंवा त्याहूनही जास्त वेळा येतो, आणि लुकलुकत्या उजेडाने कुत्र्याला झटके बसतात. तिथे तपासणीवर खुशाल भिस्त ठेव. बहुतेक जातींतल्या फिटसाठी मात्र अशी एकच खूण नाही, तेव्हा ‘टेस्ट करू, कळेल’ असा शब्द कुणाला देऊ नकोस.

आता तुझ्या शेफर्डच्या बहिणीचं. ती वाहक आहे, म्हणजे तिची एकच प्रत सदोष आहे, म्हणून ब्रीडर तिला पैदाशीतून काढायला निघालाय. त्याला थांबव. निर्दोष नराशी जुळवली तर दोन्ही प्रती सदोष असलेलं एकही पिल्लू होणार नाही. सरासरी निम्मी वाहक, निम्मी निर्दोष. पुढच्या पिढीसाठी त्यातली निर्दोष निवडायची. जातिवंत कुत्र्यांचं मूळ दुखणं हेच आहे की सगळी मोजक्या पूर्वजांची लेकरं. एखादा नर स्पर्धा जिंकतो आणि जो तो त्याच्याकडेच मादी नेतो. काही पिढ्यांनी आईकडून आणि बापाकडून त्याचीच सदोष प्रत पिल्लात एकत्र येते. त्यात सगळे वाहक एका फटक्यात काढले, तर उरलेला गोतावळा आणखी आक्रसतो आणि आज ज्याचं नावही माहीत नाही असा दोष वर येतो. म्हणून ब्रीडरकडून वंशावळ माग. आजा-पणजाचं नाव दोन्हीकडे तेच निघतं का, ते तुझ्या डोळ्यांनी बघ.

एमआरआय झाला की कळव. तोवर घरच्यांना सांग, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरा. आणि चकतीचा दाब नाही असं निघालं, तर रोजचं फिरणं बंद करू देऊ नकोस. या आजारात पाय चालते ठेवावे लागतात.

तुझा,
सर