१९८७ ची टर्बो ब्यूक घेतली तर आधी कशावर खर्च करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेट्रॉईटजवळ नोकरी, घराला मोठं गॅरेज, मनात १९८७ ची ब्यूक ग्रँड नॅशनल, आणि घेतल्या घेतल्या बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) वाढवून ४०० हॉर्सपॉवर काढायचा बेत. मी त्याच भागात राहतो आणि माझ्याकडे तिचीच बहीण, त्याच वर्षाची रीगल टर्बो-टी आहे; दोन्ही ब्यूकच्या रीगल मॉडेलच्याच आवृत्त्या. गाडी जरूर घ्या. बूस्टला मात्र सगळ्यात शेवटी हात लावा.

त्याआधी, काळ्या रंगाला भुलू नका. ८७ ची ग्रँड नॅशनल फक्त काळ्या रंगात यायची आणि आज किमतीतला बराच भाग त्या रंगाचा नि नावाचा असतो. टर्बो-टीमध्ये तेच ३.८ लिटरचं व्ही-सिक्स, तोच इंटरकूलर, तोच चार गिअरचा ऑटोमॅटिक आणि तेवढीच २४५ हॉर्सपॉवर. (त्या वर्षी शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारची २४० होती, हे ऐकवल्याशिवाय कुठल्याच ब्यूकवाल्याला चैन पडत नाही.) साध्या रीगलला काळा रंग मारून ग्रँड नॅशनल म्हणून विकणारेही आहेत. म्हणून व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, आठव्या जागी ७ हा आकडा आहे का बघा, तो टर्बो इंजिनाचा. डिकीच्या झाकणाला आतून कोडचं लेबल असतं, त्यावर डब्ल्यूई२ असेल तर ग्रँड नॅशनल. लेबल फाटलेलं किंवा गायब असेल तर भाव करताना ते लक्षात ठेवा.

इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, तेव्हा गाडी वर उचलून मागच्या चाकांजवळची फ्रेम स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. बंपर आणि बॉडीच्या मधल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या हात लावताच पापडासारख्या मोडतील. त्याचं फारसं मनावर घेऊ नका, नवीन मिळतात. गंजलेली फ्रेम मात्र स्वस्तात मिळाली तरी नको.

आता ब्रेक. साध्या गाडीत ब्रेकला जोर इंजिनाच्या व्हॅक्यूमचा मिळतो, पण टर्बो इंजिन बूस्टवर असताना तो तयार होत नाही, म्हणून या गाडीला पॉवरमास्टर नावाची वेगळी यंत्रणा दिली होती. विजेवरचा पंप ब्रेक ऑईलचा दाब तयार करतो आणि तो दाब गॅस भरलेल्या एका गोळ्यात साठून राहतो. हा गोळा म्हातारा झाला की ब्रेक कधी दगा देईल सांगता येत नाही. पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल दहा-बारा वेळा दाबा, मग चावी नुसती ऑनवर आणा. पंप घरघरला पाहिजे आणि थोड्याच वेळात आपोआप थांबला पाहिजे. त्यानंतर दर वेळी पेडल दाबताच तो पुन्हा चालू होत असेल तर गोळा गेलाय. बरेच लोक सगळं काढून साधा व्हॅक्यूम बूस्टर बसवतात. माझ्या मते पहिले पैसे इथेच घालावेत.

इंजिनाकडे वळू. या गाडीचा खरा शत्रू नॉकिंग. बूस्ट जास्त किंवा पेट्रोल कमी पडलं की सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधीच भडकतं. नॉक सेन्सर ते ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळवतो आणि ईसीएम स्पार्क मागे घेतो. तुम्हाला एवढंच जाणवतं की गाडी जरा सुस्त झाली, कारण टर्बोच्या नि एक्झॉस्टच्या आवाजात ती खडखड ऐकूच येत नाही. हेडगॅस्केट उडाल्यावर कळतं. म्हणून डॅशबोर्डखालच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा छोटा डिस्प्ले घ्या, स्पार्क किती अंश मागे गेला ते तो दाखवतो. पूर्ण थ्रॉटलला तिथे शून्य हवं. गिअर पडताना एखादा अंश चमकून गेला तर ठीक, पण आकडा चढायला लागला की पाय काढायचा, मग शेजारी मस्टँग असली तरी.

नॉकिंगचं मूळ बहुतेक वेळा जुन्या इंधन पंपात किंवा त्याला वीज नेणाऱ्या बारीक वायरमध्ये सापडतं. ऐन वेळी पंपाला व्होल्टेज कमी पडतं. नवा पंप बसवा आणि रिले लावून त्याला जाड वायर थेट ओढा. मग लांब होज असलेला प्रेशर गेज बॉनेटखालून बाहेर काढून विंडशील्डवर टेपने चिकटवा आणि मोकळ्या रस्त्यावर एकदा गाडी पळवा. इंधनाचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून दाब ४३ पीएसआय असेल, तर १५ पीएसआय बूस्टला तो ५८ च्या घरात जायला हवा. ५० ला अडकला तर पुढचं सगळं थांबवा.

हे जमल्यावर ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेली ईसीएमची चिप, तीन इंची डाउनपाइप (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पाइप), नवे व्हॉल्व्ह स्प्रिंग. इंजेक्टर मोठे घेतलेत तर चिप त्याच मापाची हवी, ही जोडी फोडू नका. ऑईल झिंक असलेलं घाला, नाहीतर कॅमचे लोब घासून जातात. गिअरबॉक्सची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नीट जुळली आहे ना, तेही पाहून घ्या, कारण ती सैल असली की क्लच जळतात.

आणि आता बूस्ट. वेस्टगेटच्या, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेच्या, दांड्याचे आटे फिरवले की तो वाढतो, एक पैसाही लागत नाही, आणि म्हणूनच सगळे आधी तेच करतात. पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर १६-१७ पीएसआयच्या वर मी जाणार नाही. त्यापुढे अल्कोहोल इंजेक्शन (आत जाणाऱ्या हवेत अल्कोहोलचा फवारा) लागतं, आणि तुमच्या ४०० चा रस्ता तिथूनच जातो.

काढलेला एकही मूळ भाग फेकू नका. विकायची वेळ आली की गिऱ्हाईक तेच खोके आधी उघडून बघतं.

मिशिगनमध्ये २५ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट (जुन्या गाड्यांची खास नंबर प्लेट) मिळते, पण त्यावर रोज ऑफिसला जाता येत नाही. ऑगस्टभर मात्र खुशाल फिरवा, त्या महिन्यात सूट आहे, आणि डेट्रॉईटच्या वुडवर्ड रस्त्यावरची ड्रीम क्रूझ, जुन्या गाड्यांची जत्राच, तीही तेव्हाच असते.