रात्री १२ ला लावलेलं चार्जिंग पहाटे साडेपाचला का सुरू होतं?

तुमच्या प्रश्नातली एक ओळ वाचून मी खुर्चीत सरळ बसलो: "सकाळी गाडी काढायला जातो तेव्हा कधी जेमतेम सात-आठ टक्के वाढलेले असतात, कधी शून्य, आणि अ‍ॅपवर 'आत्ता चार्ज करा' दाबलं की मुकाट सुरू होते." बाकी तपशील तुम्ही दिलेत ते असे: सोसायटीच्या तळघरात ७.२ किलोवॉटचा चार्जिंगचा बॉक्स, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ४०.५ युनिटांची, वेळ रात्री १२ ते सकाळी ६. आणि ही वेळ तुम्ही बॉक्सच्या अ‍ॅपमध्येही लावलीय, गाडीच्या स्क्रीनवरही लावलीय, "खात्रीसाठी".

ती खात्रीच नडलीय.

जरा हिशेब करू. ४०.५ चे आठ टक्के म्हणजे सव्वातीन युनिट. तुमचा बॉक्स अर्ध्या तासात ३.६ युनिट देतो, त्यातले थोडे गाडीपर्यंत जाता जाता आणि गाडीतल्या चार्जरच्या उष्णतेत जातात, बॅटरीत पडतात सव्वातीनच्या आसपास. म्हणजे त्या रात्री तुमची गाडी फक्त अर्धा तास चार्ज झाली. हा अर्धा तास आला कुठून? आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. बॉक्सचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर चालत असेल, तर त्याचे रात्रीचे १२ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. बॉक्स दार उघडतो साडेपाच ते साडेअकरा. गाडी घ्यायला तयार असते १२ ते ६. दोघं एका वेळी तयार असतात ते फक्त साडेपाच ते सहा.

हे इतक्या ठामपणे सांगतोय, कारण मी यातून गेलोय. माझ्याकडे हा प्रकार नेमका शुक्रवारी सकाळी दिसायचा. महिनाभर मी गाडीला दोष दिला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी एक दिवस ठेवून घेतली आणि "गाडीत काही नाही" म्हणून परत दिली. तेव्हा मला वाटलं, टाळतायत. खरं तर बरोबर बोलत होते ते. शेवटी एका गुरुवारी रात्री प्लास्टिकचं स्टूल आणि चहाचा थर्मास घेऊन पार्किंगमध्ये जाऊन बसलो. १२ वाजले, काही नाही. साडेबारा, काही नाही. वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, गाडी राखायला आम्ही आहोत की." वर जाऊन झोपलो, सव्वापाचचा गजर लावून परत खाली आलो. बरोब्बर साडेपाचला बॉक्सच्या आत 'टक्' असा आवाज झाला. तो काँटॅक्टर, म्हणजे गाडीकडे वीज सोडणारा आतला स्विच, ओढला गेल्याचा आवाज. हिरवा दिवा निळा झाला आणि गाडीच्या बॉनेटखालून पंख्याची घरघर सुरू झाली. शुक्रवारच का, ते मग लक्षात आलं. आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. वीज आली की बॉक्स नव्याने चालू व्हायचा, इंटरनेटवरून वेळ घ्यायचा, पण भारताचे साडेपाच तास मिळवायला विसरायचा. मी अ‍ॅप उघडलं की ते पुन्हा मिळवले जायचे. एरवी मी अ‍ॅप रोजच बघायचो, नेमका गुरुवारी रात्री बघायचो नाही.

तर पहिलं काम: अ‍ॅपमधला चार्जिंगचा इतिहास काढा आणि आठ टक्केवाल्या दिवशी सुरुवातीची वेळ काय आहे ते बघा. ५:३० असेल तर विषय संपला. सेटिंगमध्ये टाइम झोन भारताचा निवडा, बॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट करा. मग बॉक्सचा एमसीबी (त्याच्या लाइनचा सुरक्षा स्विच) पाडा, पाच मिनिटं थांबून चढवा आणि अ‍ॅपला हात न लावता त्या रात्री काय होतं ते पाहा. अ‍ॅप उघडून बघितलंत तर चाचणी फुकट जाईल, कारण उघडल्या उघडल्या घड्याळ दुरुस्त होऊ शकतं. तळघरात वाय-फाय पोचतंय का हेही बघा. ज्या बॉक्सच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नाही, त्याला वीज येऊन नेट न मिळाल्यास किती वाजले हेच कळत नाही. मग काही बॉक्स लगेच चार्जिंग सुरू करतात, काही गप्प बसून राहतात.

आता शून्य टक्केवाल्या सकाळी. इथे दुसरीच गोष्ट असावी असा माझा अंदाज आहे, आणि याबद्दल फार कुणी बोलत नाही.

चार्जिंगच्या गनमध्ये, म्हणजे गाडीत खोचायच्या प्लगमध्ये, जाड तारांशेजारी एक बारीक तार असते, तिच्यावरून बॉक्स आणि गाडी बोलतात. गन मोकळी असताना तिथे १२ व्होल्ट असतात. गाडीला लावली की ९ होतात, आणि गाडी "घ्यायला तयार आहे" म्हणाली की ६. किती अँपिअर घ्यायचे हे बॉक्स त्याच तारेवर सेकंदाला हजार ठोके देऊन सांगतो, ठोक्याच्या रुंदीवरून गाडीला आकडा कळतो. वेळापत्रक बॉक्समध्ये लावलं असेल तर संध्याकाळी सातला तुम्ही गन लावता, बॉक्स ठोके देत नाही. गाडी थोडा वेळ वाट बघते. मग स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी वाचवायला ती गाढ झोपते. रात्री १२ ला बॉक्स ठोके द्यायला लागतो. काही गाड्या त्या ठोक्यांनी जाग्या होतात, काही होत नाहीत. सकाळी तुम्ही किल्ली घेऊन जवळ जाता, दार उघडता, गाडी जागी होते, तुम्ही अ‍ॅपवर बटण दाबता आणि सगळं ठीक चालतं! दोष सापडत नाही तो म्हणूनच. तो शोधायला आलेला माणूसच गाडीला उठवतो.

याची चाचणी घेताना एक चूक हमखास होते. लोक दहा मिनिटांनंतरची वेळ लावून बघतात, चार्जिंग सुरू होतं, मग म्हणतात सगळं बरोबर आहे. दहा मिनिटांत गाडी झोपलेलीच नसते. वेळ निदान तीन-चार तासांनंतरची लावा, गाडी लॉक करा, किल्ली घरात लांब ठेवा आणि गाडीचं अ‍ॅपही उघडू नका, त्यानेसुद्धा काही गाड्या जाग्या होतात.

उपाय सरळ आहे: वेळापत्रक एकाच ठिकाणी ठेवा, आणि तुमच्या गाडीत सोय आहे तर गाडीतच ठेवा. बॉक्सला 'गन लावली की चालू' वर सोडा. गाडी स्वतःचा गजर लावून झोपते, तिला कुणी उठवावं लागत नाही, आणि तिचं घड्याळ जीपीएस किंवा मोबाइल नेटवर्कवरून जुळत राहतं, त्यामुळे गुरुवारच्या वीजकपातीशीही संबंध उरत नाही. फक्त गाडीतलं वेळापत्रक 'घर' या ठिकाणाला बांधलेलं असेल तर ती अट काढून टाका. तळघरात जीपीएस नीट मिळत नाही, आणि गाडीला आपण घरी आहोत हेच पटत नाही. आणि तुम्ही लावलेली वेळ सुरुवातीची आहे की निघायची, हेही एकदा वाचून घ्या. निघायची असेल तर गाडी उलटा हिशेब करून उशिरा सुरू करते, आणि आपल्याला वाटतं बिघडली.

एवढं करूनही एखादी रात्र कोरी गेली तर मग विजेकडे वळा. मध्यरात्री सोसायटीतले एसी आणि पंप बंद झाले की व्होल्टेज चढतं. बॉक्सने ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं की तो स्वतःला बंद करून घेतो, आणि काही बॉक्स नंतर आपणहून उठत नाहीत. अ‍ॅपमधल्या नोंदीत हे सहसा दिसतं. एमसीबी पडलेला सापडला तर तो सुरुवातीलाच पडला की तासाभराने, हे विचारात घ्या. तासाभराने पडत असेल तर तो तापतोय. ७.२ किलोवॉट म्हणजे ३१ अँपिअर, तेही सलग चार-चार तास. ३२ चा एमसीबी त्याला काठावर पडतो. वायरमनकडून ४० चा बसवून घ्या, पण आधी केबल त्या जाडीची आहे का ते त्यालाच मोजायला लावा, आणि सगळे स्क्रू आवळून घ्या. नुसता मोठा एमसीबी बसवून मोकळं होऊ नका, मग एमसीबीऐवजी केबल तापेल.

आता न विचारलेलं एक. रात्री १२ च का? "रात्रीची वीज स्वस्त" हे आपण परदेशातले व्हिडिओ बघून किंवा कारखान्यात काम करणाऱ्या मेव्हण्याकडून ऐकलेलं असतं. महावितरणच्या घरगुती स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरवर जुलै २०२५ पासून जी सवलत जाहीर झाली, ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ची आहे, पहिल्या वर्षी युनिटमागे ८० पैसे. कारण सौरऊर्जा दिवसा जास्त असते. वीस टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत न्यायला तुम्हाला भिंतीतून साधारण २७ युनिट लागतील, म्हणजे त्या दराने एका वेळी वाचतात वीस-बावीस रुपये. गाडी दिवसा ऑफिसात असेल तर त्यासाठी जीव काढू नका, पण शनिवार-रविवारी दुपारी लावता येत असेल तर लावा. मी स्वतः अजून रात्रीच लावतो, पैशासाठी नाही. संध्याकाळी सात ते दहा आमच्याकडे व्होल्टेज इतकं पडतं की लिफ्टचा दिवासुद्धा मिणमिणतो, त्यात आणखी ३१ अँपिअर कशाला ओढायचे.

आज रात्री बॉक्सचं वेळापत्रक काढून टाका, गाडीचं तेवढं ठेवा, आणि चार दिवस कशालाही हात लावू नका. मग किती टक्के झाली ते इथेच खाली लिहा. तरीही शून्य आलं तर गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, काही मॉडेलांत वेळापत्रकाचा पर्याय दोन वेगवेगळ्या मेन्यूंत असतो आणि एक चालू केला की दुसरा गुपचूप बंद होतो.